खोली आत्ताच गेली

सीताराम तायडे जाऊन सात वर्षं झाली, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या स्मरणदिनाला थोरला मुलगा वेळेवर आला. वेळेवर म्हणजे चक्क अर्धा तास आधी. सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांचं कुलूप संजयनंच काढलं, खिडक्या उघडल्या, फरशी पुसून घेतली, बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर स्टुलावर मांडून समोर मेणबत्त्या ठेवल्या. हिराबाई नातीचा हात धरून दोन जिने चढून वर आल्या तेव्हा तो घाम पुसत सतरंजी अंथरत होता. त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"बरं वाटत नाहीये का तुला?"

"आई, आल्या आल्या सुरू करू नकोस."

"नुसतं विचारलं. तू आणि झाडू एका खोलीत दिसलात म्हणून."

हिराबाईंनी महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं होतं. गृहपाठ न केलेलं पोर त्या दिवशी फळा पुसायला सगळ्यांत आधी पुढे येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि वाट बघू लागल्या.

या खोल्या सीतारामांनी पाटबंधारे खात्यात असताना घेतल्या होत्या, त्याही हट्टानं याच पेठेत. स्वतः ते इथे एक दिवसही राहिले नाहीत. वाशीम, अकोला, बुलढाण्याकडून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलामुलींना त्यांनी त्या फुकट वापरायला दिल्या. नियम दोनच होते. मुलाला गाव विचारायचं, काय शिकणार ते विचारायचं, पण आडनाव विचारायचं नाही. आणि शिकून बाहेर पडताना प्रत्येकानं लोखंडी कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला आपलं नाव आणि गाव खिळ्यानं कोरून जायचं. एकेचाळीस वर्षांत ते दार वरपासून जवळजवळ खालपर्यंत भरलं होतं. सीताराम होते तोवर दर जूनमध्ये नव्या मुलाच्या हातात किल्ली ते स्वतः ठेवायचे. ते गेल्यावर ते काम संजयकडे आलं, आणि त्यासाठी हा स्मरणदिन ठरला, कारण तोही जूनमध्येच येतो.

आज मात्र दारात कुणी नवं मूल उभं नव्हतं.

धाकटा अभय चपला काढत आत आला. त्याची बायको चैताली हॉस्पिटलात ड्यूटीवर होती, म्हणून खिरीचा डबा त्यानंच आणला होता. संजयची बायको नम्रता वाट्या पुसत होती. सगळे बसले. त्रिसरण झालं, पंचशील झालं. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला संजयचा आवाज एकदम खाली गेला. ते फक्त नम्रताच्या लक्षात आलं, आणि तिनं आपला आवाज मुद्दाम वाढवला.

खीर खाऊन होते न होते तोच संजयनं पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं.

"आई, अभयशी फोनवर बोलणं झालंय. तुलाही थोडं सांगितलं होतं. थायलंडच्या फ्लॅटचं."

"थोडं कसलं? विहारात मी सगळ्यांना सांगून बसलेय," हिराबाई म्हणाल्या. "बुद्धाच्या देशात माझ्या मुलाचं घर. इंदुबाई तर विचारत होती, वर्षावासाला, पावसाळ्याचे तीन महिने, राहायला मिळेल का."

"मिळेल की. त्याचंच बोलतोय. ताबा मिळाला, एप्रिलपासून कंपनी भाड्यानंही देतेय. निम्मे पैसे मी रिटायरमेंटच्या रकमेतून भरलेत. उरलेले डिसेंबरपर्यंत द्यायचे आहेत." त्यानं एक दमात पुढचं सांगून टाकलं, "शेजारचा क्लासवाला या खोल्या घ्यायला तयार आहे. किंमत चांगली देतोय. तुझी आणि अभयची सही हवी."

हिराबाईंनी अभयकडे पाहिलं. अभय वाटीच्या तळाशी चमचा फिरवत होता. दहा दिवसांपूर्वी दादानं फोन केला तेव्हा त्यानं आधी नाही म्हटलं होतं. मग दादानं त्याच्या वाट्याचा आकडा सांगितला, आणि खराडीत लेकीच्या, अक्षताच्या ऑफिसजवळ बघून ठेवलेला फ्लॅट अभयच्या डोळ्यांसमोर आला. त्यानंतर त्याचा नकार मवाळ झाला होता. आईपुढे हे कबूल करणं त्याला जड जात होतं.

"आणि मुलं?" हिराबाईंनी विचारलं.

"आता सरकारी वसतिगृहं आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. अण्णांनी या खोल्या घेतल्या तो काळ वेगळा होता." संजयनं रिकाम्या दाराकडे हात केला. "तूच बघ ना. यंदा कुणी आलंच नाही. एक फोन नाही. खोल्या धूळ खात पडल्यात."

कुणी येतच नसेल तर हिराबाईंकडे बोलायला काही उरत नव्हतं. नवऱ्याचा हट्ट त्यांनी जपला होता तो येणाऱ्या मुलांसाठी, भिंतींसाठी नव्हे. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"अक्षता, तू तर तिकडे जाऊन आलीस," त्या नातीला म्हणाल्या. "मे महिन्यात. काकाचं घर आतून कसं आहे गं? तू काही बोललीच नाहीस."

अक्षता या प्रश्नाला महिनाभर चुकवत होती. फोटो मागितले की समुद्राचे पाठवायची. आता सगळे तिच्याकडेच बघत होते आणि काकाच्या हातात पेनाचं टोपण उघडलेलं होतं.

"बाहेरून पाहिलं, आजी. मस्त आहे बिल्डिंग. खाली स्विमिंग पूल वगैरे."

"बाहेरून का? काकाचं घर असून?"

"अगं, सरप्राइज द्यायचं होतं काकाला. म्हणून न सांगता ऑनलाइन बुक करायला गेले. चार दिवस रिकामा दाखवत होता. आम्ही चौघींची नावं पाठवली, पासपोर्ट पाठवले. दहा मिनिटांत मेसेज आला." तिनं खांदे उडवले. तिला हे हसण्यावारी न्यायचं होतं. "खोली आत्ताच गेली म्हणाले. मग समोरच्याच हॉटेलात राहिलो. जाऊ दे ना, तेही छान होतं."

हिराबाईंचा चष्मा पुसणारा हात थांबला.

"काय म्हणाले?"

"सॉरी म्हणाले. आत्ताच गेली."

"आणि गेली होती?"

अक्षताला थाप मारता आली असती. पण समोर आजी होती, आणि आजीपुढे तिला ते लहानपणापासून जमलेलं नव्हतं. "नव्हती," ती म्हणाली. "चारही दिवस बाल्कनी बंद होती. समोरूनच दिसायची."

हिराबाईंना त्या बंद बाल्कनीचं काही वाटलं नाही. त्यांना नवऱ्यानं सांगितलेलं बासष्ट साल आठवलं, ते पुण्यात शिकायला आले तेव्हाचं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी एका दुपारी नवऱ्यानं त्यांना याच पेठेतून चालत नेलं होतं आणि एकेका दाराकडे बोट दाखवलं होतं. इथे विचारलं. इथे विचारलं. इथे बाईंनी पाणी दिलं, मग आडनाव विचारलं. अकरा दारं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. सगळे सभ्य लोक. प्रत्येकानं आडनाव ऐकल्यावर एकच सांगितलं होतं, खोली आत्ताच गेली हो. 'खोली रिकामी आहे' ही पाटी मात्र दारावर तशीच. हे सांगताना सीताराम हसत होते, आणि हिराबाईंना त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"हे लिहून कळवायला पाहिजे!" अभय एकदम तापला. आपल्या मुलीला दारातून परत पाठवलं, या रागापुढे फोल्डर, सही सगळं तो विसरला. "दादा, तू मालक आहेस तिथला. आपल्या पोरीला नाव बघून नाही म्हणतात म्हणजे काय? मी लिहितो पत्र. कॉपी एम्बसीला. कोण समजतात स्वतःला?"

"असेल काहीतरी गैरसमज," संजय पुटपुटला.

"गैरसमज? चार दिवस रिकामी खोली! तुझे पैसे खातात आणि तुझ्याच पुतणीला... तू गप्प कसा बसू शकतोस?"

"बाबा, राहू दे," अक्षता म्हणाली.

"का राहू दे? आपण राहू देत आलो म्हणूनच—"

"बाबा, प्लीज. सोड ना."

ती काकाकडे बघत नव्हती, आणि त्यावरूनच संजयला कळलं की हिला ठाऊक आहे. ती बिल्डिंगमध्ये विचारायला गेली असणार, काउंटरवरच्या मुलीनं तिला कारण सांगितलेलं असणार, कदाचित कागदही दाखवला असणार. महिनाभर ही पोरगी आपल्याला सांभाळून घेत होती. सव्वीस वर्षांची.

फॉर्म त्यानं मार्चमध्ये भरला होता, पुण्यातल्याच एजंटच्या एसी ऑफिसात. शेवटच्या पानावर विचारलं होतं, कोणते पाहुणे नकोत. खाली देशांची, माणसांची यादी आणि पुढे चौकटी. एजंट पोटातून हसत म्हणाला होता, "साहेब, आपले लोक चार सांगून सोळा येतात. बाथरूममध्ये कुकर लावतात. आणि तिथले लोकलही नकोत, घर घाण होतं. रेट टिकवायचा असेल तर दोन टिका करून टाका." संजयही हसला होता. त्यानं दोन्ही टिका केल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट पेन हातात असताना त्याला क्षणभर बरं वाटलं होतं, अगदी सुखद. आयुष्यात पहिल्यांदा दाराच्या आतल्या बाजूला उभं राहून कोण नको ते तो ठरवत होता. फॉर्मची नसेल इतकी त्या सुखाची त्याला आता लाज वाटत होती.

"अहो, पत्र वगैरे कशाला भावजी," नम्रता घाईघाईनं म्हणाली. "सगळेच मालक असं करतात तिकडे. फॉर्मच तसा असतो."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं.

खालच्या रस्त्यावर स्कूटरवाला कुणालातरी गाडी काढायला सांगत होता, तेवढाच आवाज.

"कोण मालक?" अभयनं विचारलं. मग त्यानं हळूच दादाकडे मान वळवली.

"मी," संजय म्हणाला. "मीच लिहून दिलं होतं. भारतीय नकोत. आणि तिथले लोक नकोत."

"तिथले म्हणजे?" हिराबाई म्हणाल्या.

"थाय लोक, आई."

हिराबाईंनी स्टुलावरच्या मूर्तीकडे पाहिलं. "म्हणजे बुद्धाच्या देशात घर घेतलंस, आणि बुद्धाला मानणाऱ्यांनाच दार बंद. तुझ्या बापाला इथे अकरा घरं नाही म्हणाली, पण निदान ती परक्यांची होती." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे संजयला मान वर करता येईना. "आणि मी विहारात पेढे वाटले."

"लाज वाटायला पाहिजे, दादा," अभय म्हणाला.

"तुला नको वाटायला?" नम्रता फणकारली. "परवापर्यंत सही कुठे करू ते विचारत होता तुम्ही. खराडीचा फ्लॅट कशाच्या जिवावर बघून ठेवलाय?"

"माझ्यासाठी?" अक्षतानं बापाकडे पाहिलं. "बाबा, या खोल्या विकून? मला विचारलंस तरी का?"

अभयचा सगळा आवेश उतरला. तो रिकामी वाटी उचलून मोरीकडे गेला. आपल्या मुलीसमोर तो एवढा लहान याआधी कधी झाला नव्हता. नळ बराच वेळ वाहत राहिला.

फोल्डर सतरंजीवर तसंच पडलं होतं. हिराबाईंनी ते बोटानं संजयकडे सरकवलं.

"हे घरी घेऊन जा. तिकडचं घर ठेव नाहीतर वीक, तुझे पैसे आहेत. इथे मी सही करणार नाही." त्या उठायला लागल्या. अक्षतानं हात दिला. "यंदा कुणी आलं नाही म्हणतोस, ठीक. पुढच्या वर्षी येईल. तोवर झाडून ठेवू."

इथे गप्प बसला असता तर संजय सुटला असता. आई निघालीच होती. एक चूक उघडी पडली होती, तिची शिक्षाही झाली होती. दुसरीचा कुणाला पत्ताही नव्हता. पण हिराबाई जाताजाता सवयीनं कपाटापाशी थांबल्या, दार उघडून आतली नावं हातानं चाचपू लागल्या, वरपासून खालपर्यंत, दर वर्षीसारखी. सूरज, रिसोड. दुर्गा, बार्शीटाकळी. महिपती, मालेगाव. खाली एका नावापुरती जागा उरली होती, तिथे त्यांचं बोट रेंगाळलं.

"आई," संजय म्हणाला, "आला होता."

"कोण आला होता?"

"फोन. वाशीमकडून. मुलीला इथल्या कॉलेजात नंबर लागलाय म्हणून बाप फोन करत होता. दोनदा केला. राधा नाव मुलीचं."

"मग?"

ते वाक्य संजयला पुन्हा उच्चारायचं नव्हतं. त्या दिवशी फोनवर किती सहज निघालं होतं. क्लासवाला समोर बसला होता, चहा यायचा होता, आणि त्यानं दोन सेकंदांत तो माणूस वाटेला लावला होता. कुठलं वाक्य आपण वापरतोय हे तेव्हा त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. अठरा दिवसांनी, अक्षताच्या तोंडून ऐकल्यावर आलं.

हिराबाई त्याच्याकडे बघत होत्या. "तेच सांगितलंस?"

"तेच."

नम्रतानं तोंडावर हात ठेवला. हे तिलाही माहीत नव्हतं. मोरीतला नळ बंद झाला.

हिराबाईंना रडू आलं नाही, रागही आला नाही. त्यांना फक्त खूप थकल्यासारखं वाटलं. हा मुलगा त्यांनी वाढवला होता, पुढ्यात बसवून त्याला बाराखडी आणि बापाची गोष्ट दोन्ही शिकवली होती. बाराखडी तेवढी राहिली होती.

"फोन लाव," त्या म्हणाल्या. "आत्ता. आम्हाला ऐकू येईल असा."

नंबर शोधायला संजयला वेळ लागला, कारण त्यानं तो नावानं साठवलाच नव्हता. रिंग वाजत राहिली. मग मोकळ्या रानातला वारा ऐकू आला आणि एक घाईचा, आदबीचा आवाज.

"हां, बोला साहेब! कोंडीराम बोलतो. जयभीम साहेब!"

"जयभीम," संजय म्हणाला. "राधा... राधाची ॲडमिशन झाली का?"

"नाही जी. खोलीचा मेळ नाही बसला, तारीख निंगून गेली. मंग इथंच वाशीमले टाकलं नाव. पन तुमचे लय उपकार साहेब. तुमी येळेवर सांगतलं खोली गेली म्हनून, तं आमचं गाडीभाडं वाचलं. बाकीचे लोक बलावून घेतात अन् मंग दारातून वापस धाडतात. तुमी तसं नाही केलं."

अक्षता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. संजयनं आईकडे पाहिलं, ती काहीतरी बोलेल, फोन हातातून घेईल या आशेनं. हिराबाई कपाटाच्या दाराला धरून उभ्या होत्या.

"कोंडीरामभाऊ," संजय म्हणाला, "खोली गेली नव्हती. रिकामीच होती. आजही आहे. मी खोटं बोललो तुमच्याशी."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत राहिला. फोन कट झाला असं वाटून संजयनं स्क्रीनकडे पाहिलं. झाला नव्हता. कोंडीराम बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच न समजलेल्या माणसाचा प्रश्न होता.

"काऊन जी साहेब? मी तं आडनाव पयलेच सांगतलं होतं. तायडेच हाओत आमी बी."

संजय फोन धरून उभा राहिला. खोलीतले सगळे उत्तराची वाट बघत होते, आणि कोंडीरामही.